घराचं तोंड आमच्या गल्लीकडे

१२ फेब्रुवारी

माझा नवरा रेफर्ड जेवणाआधी रोज देवाचे आभार मानायचा, पण मोघम नाही. एका दिवशी एकच गोष्ट. ‘आज बसचे ब्रेक वेळेवर लागले.’ ‘आज ओरालीनं भातात मीठ बेताचं टाकलं.’ समोर बसून मी हसू दाबायचे. तो गेल्यापासून टेबलावर कुणी काही बोलत नाही, म्हणून ही वही. रोज लिहीन असं मात्र कबूल करत नाही.

आज लिहायला कारण आहे. नदीकाठच्या कारखान्याला देलोमांच्या, म्हणजे इथल्या उसाच्या मळ्याच्या जुन्या मालकांच्या, मोठ्या घराच्या जागी टाक्या बसवायच्या आहेत. घर कुणी उचलून नेत असेल तर फुकट, नाहीतर उन्हाळ्याआधी बुलडोझर. आणि आमच्या मंडळाचं सभागृह तर गेल्या वादळात उडून गेलं. गुलामी सुटल्यावर आमच्या लोकांनी पहिली गोष्ट केली ती हे मंडळ. जिवंतपणी जे झालं ते झालं, निदान मेल्यावर माणसाला नीट मूठमाती द्यायची. आता आम्ही उरलेले बहुतेक म्हातारे. सर्व संतांच्या दिवसापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, स्वतःचं छप्पर झालं नाही तर मंडळ बंद करायचं, असं सगळ्यांनी ठरवून ठेवलंय. अध्यक्ष मी, कारण रेफर्डनंतर दुसऱ्या कुणी हात वर केला नाही.

मी आजच्या बैठकीत म्हटलं, ते घर आपण घेऊ. चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या करकरल्या. मग माझी नणंद लिओंतीन उठली.

“ओराली, तुला भिंती हव्यात तर भिंती घे. त्या घरात मी पाय ठेवणार नाही.”

एवढं बोलून ती गेली. तिच्यामागून अर्धी बैठक उठली. लिओंतीन जिथे गंबो, आमच्याकडचा घट्ट रस्सा, शिजवत नाही तिथे आमच्याकडे कुणी फिरकत नाही, मग लग्न असो की मयत.

आजचे आभार कुणाचे मानू? अल्सीदचे मानते. आमचा सेक्रेटरी, ऐंशीचा आहे, पण शेवटपर्यंत बसून राहिला. नंतर कळलं की त्याला झोप लागली होती.


२७ फेब्रुवारी

लिओंतीनची बाजूही लिहायला हवी, नाहीतर वही खोटी होईल. तिची आणि रेफर्डची आजी झेनोबी. देलोमांच्या घरी जन्मभर स्वयंपाक केला. स्वयंपाकघर घरामागे वेगळं, तिथून भांडी उचलायची आणि मागच्या जिन्यानं वर न्यायची. समोरच्या सज्जात देलोम मंडळी खुर्च्या टाकून नदीचा वारा खात. त्या सज्जात झेनोबी वाढायला जाई, पण तिथे बसली कधीच नाही, आणि समोरच्या जिन्याला तिचे पाय लागले नाहीत. लहानपणी लिओंतीन मागच्या जिन्याखाली तिची वाट बघत बसायची. पाऊस असो की ऊन, जागा तीच.

मी न्यू ऑर्लिन्सची. लग्न होऊन इथे आले, बस चालवली, दोन पिढ्यांची पोरं शाळेत पोचवली, तरी लिओंतीनच्या तोंडी मी अजून ‘शहरातली’. यात माझं काही चालत नाही.

काल दुसरी बैठक झाली. एका मतानं आम्ही जिंकलो. ते मत अल्सीदचं. या खेपेला तो जागा होता.


९ मार्च

घरं हलवणाऱ्या थेरियोबरोबर घर नीट पाहून आले. बेडकासारखा आवाज असलेला केजन, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतला माणूस, पण कामाचा.

“मिस ओराली, हे खांब बघा,” म्हणाला आणि समोरच्या जाडजूड खांबावर टकटक केली. पोकळ! वर फळ्या, आत हवा. देलोमांचा कुणी जावई नंतर आला आणि त्याला घर देवळासारखं दिसायला हवं होतं. फळी काढली तर आत मूळचा बारीक, नाजूक खांब, सायप्रसच्या लाकडाचा, माझ्या मनगटापेक्षा थोडा जाड.

“हे ढोंग ठेवायचं की काढायचं?”

“काढा.”

“मला वाटलंच होतं.”

घरात पॅसेज नाही. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, नाहीतर बाहेरच्या सज्जातून फिरून. जिनासुद्धा बाहेर. खालचा मजला विटांचा, तो पुरासाठी, नदी घरात आली तर तिथपर्यंतच यावी म्हणून. तो इथेच राहणार. वरचा मजला सगळा लाकडी सांगाडा, खुंट्यांनी जोडलेला, एक खिळा नाही. प्रत्येक सांध्यावर सुताराची खूण कोरलेली, कुठला तुकडा कुठे बसतो ते कळावं म्हणून. खांबांच्या मधे आडव्या काठ्या आणि त्यांवर चिखल, ओकच्या झाडांना लोंबणारं शेवाळ घालून मळलेला. थेरियो म्हणाला, ही माती काढावी लागेल, नाहीतर वजनानं माझा ट्रक मोडेल.

मोठं घर मोठं घर म्हणून इतकी वर्षं लांबून पाहिलं. आतून ते एक मोठी टोपलीच निघालं. मला उगाच हायसं वाटलं.


२० मार्च

आज माती पाडली. आम्ही सहाजणच. बाकीचे लिओंतीनच्या ओसरीवर बसून आमची चेष्टा करत असणार.

मागच्या खोलीत एक मोठी ढेप अखंड निघाली. तिच्या आतल्या अंगाला चार बोटांच्या रेघा. कुणीतरी ओला लोंदा काठीवर टाकून हातानं खाली ओढला होता, काठी घट्ट धरावी म्हणून. मी माझी बोटं त्या रेघांत घातली. माझी बोटं जाड पडली. बाईचा हात असावा, किंवा कोवळ्या पोराचा. गुलामाचा हात, पगाराचा प्रश्नच नव्हता. मला रडू आलं आणि लपवायला रुमालही नव्हता, तशीच उभी राहिले.

थेरियो म्हणाला, ही माती टाकून देऊ नका, भिजवली की पुन्हा मळता येते. म्हणून ताडपत्र्या घातल्या आणि दोन ट्रक भरून ती आमच्या जागेवर ओतली.

संध्याकाळी लिओंतीन कुंपणापाशी भेटली.

“कचरा कशाला गोळा करतेस?”

“कचरा नाही, भिंत आहे. कुणी तुडवली होती ही माती? देलोमांनी? तुझ्या माझ्या माणसांनी. मग ती आपली नाही का?”

ती काही बोलली नाही. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण असं पूर्वी घडलेलं नाही.


१७ एप्रिल

घर आलं! वीज कंपनीच्या माणसांनी तारा वर धरल्या आणि त्यांच्याखालून सांगाडा हळूहळू सरकत आला, छप्पर काढून ठेवलेला, एवढा मोठा आणि एवढा उघडा की मला त्याची लाज वाटली, कुणाला चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेताना वाटते तशी. शाळा सोडून पोरं धावली. उसाच्या शेतातल्या माणसांनी ट्रॅक्टर थांबवले.

आमची जागा गल्लीच्या टोकाला, विटांचे बुटके खांब आधीच बांधून तयार. थेरियोनं ट्रक थांबवून विचारलं, “तोंड कुठे करायचं? नदीकडे ना? अशी सगळी घरं नदीकडे बघतात.”

याचा मी विचारच केला नव्हता. मी नदीच्या बांधाकडे पाहिलं, मग गल्लीकडे. इतकी वर्षं या घरानं आमच्याकडे पाठ केली होती. आमच्या लोकांच्या झोपड्या, मग आमची घरं, सगळी त्याच्या मागे.

“गल्लीकडे,” मी म्हटलं.

“नदीकडे पाठ?”

“नदीला सवय होईल.”

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि मग अख्खं घर वळवलं. दुपारभर लागली. शेवटी समोरचा सज्जा आणि समोरच्या जिन्याची जागा थेट लिओंतीनच्या ओसरीसमोर आली. ती उठून आत गेली आणि तिनं दार लावलं. अंधार पडायच्या आधी ते परत उघडलं, खुर्ची बाहेर आली आणि ती बसून घराकडे बघत राहिली. मला वाटतं, रागानं.

आजचे आभार: तारा धरणाऱ्या पोरांचे.


६ जून

छप्पर बसलं, पुढचा आणि मागचा जिना बसला, मागे पत्र्याचं स्वयंपाकघरही झालं. आता भिंती. जुनी माती भिजवली, पण तिच्यातलं शेवाळ कुजून भुगा झालं होतं, नवं घालावं लागणार. चर्चमागच्या ओकवरून आम्ही काठ्यांनी शेवाळ ओढलं, ट्रकभर, मऊ करडं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं. चिखलात घातलं, तुडवलं, मागच्या खोलीची एक भिंत भरली. आम्ही पाच म्हातारे आणि एकच धड गुडघा असलेला अल्सीद. रात्री पाय हलवता येईनात. पण भिंत उभी राहिली, आणि मी स्वतःवर फार खूश आहे.


१९ जून

भिंत पडली.

पडली म्हणजे ओल्या गोधडीसारखी काठ्यांवरून सरकून जमिनीवर बसली. ज्या दिवशी आमच्या लोकांना सुटकेची बातमी कळली तो हा सणाचा दिवस, सगळी गल्ली बाहेर मांस भाजत होती, म्हणजे बघायला सगळे हजर. लिओंतीन रस्ता ओलांडून आली, पण आमच्या आवारात नाही, कडेला उभी राहिली. ढिगातून काठीनं थोडं शेवाळ उचललं.

“हिरवंच घातलंस?”

“हिरवं कुठे, करडंच तर आहे.”

“अगं बये! मेंढीची लोकर कातरून घेतात, मेंढीसकट भिंतीत नाही घालत. याची साल कुजवून काढायची असते. आत काळा धागा असतो, घोड्याच्या केसासारखा. तो चिखल धरून ठेवतो. आमच्या आईच्या गादीत काय होतं असं वाटतं तुला, ढग? शहरातली ती शहरातलीच.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण घरी येऊन दार लावलं.

आज कुणाचेही आभार नाहीत. रेफर्डनं मला माफ करावं.


१ जुलै

अल्सीद म्हणतो, बाजारातले तयार बोर्ड ठोकून टाकू, भिंत काय नि बोर्ड काय. बरोबर आहे त्याचं. पण या घरातला एक खांब दुसऱ्याला सरळ समांतर नाही, बोर्ड बसणार कसा? आणि खरं सांगायचं तर त्या चार बोटांच्या रेघांनंतर मला बोर्ड नकोय. हे बैठकीत सांगितलं असतं तर म्हाताऱ्या बाईचा हट्ट म्हणाले असते. असेलही.

शेवाळ कुजायला जागा लागते, पाणी लागतं, आणि ते उलथून उलथून बघायला माणूस लागतं. माझी पाठ गेलेली. सर्व संतांचा दिवस काही आमच्यासाठी थांबायचा नाही.


१४ ऑगस्ट

चमत्कार! सकाळी घर उघडायला गेले तर समोरच्या जिन्याशी शेवाळाचा भारा. कुजवलेलं, धुतलेलं, वाळवलेलं. काळंभोर, चिवट, ओढलं तरी तुटत नाही. पायरीवर ठेवायला काय झालं होतं कोण जाणे, पहिल्या पायरीच्या अलीकडे, खाली जमिनीवर ठेवलेला.

अल्सीदचं काम असणार. दुसरं कोण? त्याला विचारलं, तो म्हणाला, “मी नाही.” विनयशील माणूस आहे. आजचे आभार त्याचेच.


७ सप्टेंबर

आणखी तीन भारे आले. प्रत्येक वेळी जमिनीवरच. अल्सीदला मी नारळाचा केक नेऊन दिला. “कशाबद्दल?” म्हणाला. मी फक्त डोळा मिचकावला. तो घाबरल्यासारखा वाटला.

लिओंतीनची मात्र काळजी वाटते. आज चर्चमध्ये माझ्या शेजारी बसली तर अंगाला डबक्याचा वास. तीच लिओंतीन, जिच्या उशीच्या अभ्र्यालाही इस्त्री असते! नखं काळी, जाळीच्या हातमोज्यांतूनही दिसत होती. वय झालं की माणसाला स्वतःचं भान राहत नाही, असं ऐकून होते. मी हळूच म्हटलं, “आंघोळीला मदत लागली तर मी येत जाईन हो.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की फादरसुद्धा प्रवचनात अडखळले.

बाहेर पडताना तिनं विचारलं, “त्या घरात स्वयंपाकघर कुठे केलंयस?”

“मागे, वेगळं. पूर्वीसारखंच.”

“हं,” म्हणाली.


१८ ऑक्टोबर

हातभाराचा दिवस. घर बांधायचं, शेत कापायचं, तर इथे सगळी गल्ली एक दिवस येते आणि यजमानानं पोटभर जेवू घालायचं, ही जुनी रीत. मी चर्चमध्ये बोलावणं केलं होतं, पण लिओंतीनशिवाय कोण येणार म्हणून बीन्सचं एकच पातेलं चढवलं होतं.

सकाळी धुकं सरलं तर गल्लीतून लिओंतीन येत होती. डोक्याला फडकं, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचलेला, अनवाणी. तिच्यामागे जावई गंबोचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन. आणि त्याच्यामागे सगळे.

“आ वासून काय बघतेस? चिखल कुठे आहे?”

“तू म्हणाली होतीस, पाय ठेवणार नाही.”

“घरात. चिखलात ठेवणार नाही असं नव्हते म्हणाले.”

आणि ती खड्ड्यात उतरली. काय तुडवते ही बाई! एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बायका गोल फिरत होत्या, काळा धागा मुठीमुठीनं पेरला जात होता, आणि कुणीतरी चर्चमधलं गाणं धरलं होतं, पण ताल चर्चमधला नव्हता. हे कुठल्या शब्दांत लिहावं कळत नाही. मी आयुष्यात इतकी सुखी फार थोड्या वेळा झाले आहे.

एका भिंतीला दोन माणसं लागतात, एक आत, एक बाहेर. दोन्हीकडून लोंदा काठीवर टाकायचा आणि मधे दाबून एक करायचा. मागच्या खोलीत आत मी होते. बाहेरच्या बाजूला लाकडी घोडीवर टाकलेल्या फळीवर लिओंतीन चढली.

“मी घरात नाहीये, फळीवर आहे,” ती म्हणाली.

“मी कुठे काय म्हटलं?”

खालून वर भिंत चढत गेली. आधी तिचे गुडघे दिसेनासे झाले, मग कंबर. चिखलात आमचे हात एकमेकींना लागत होते आणि कुणाची बोटं कुणाची ते कळत नव्हतं.

“रेफर्ड असता तर चिखलाचेही आभार मानत बसला असता,” ती म्हणाली.

“आणि जेवण गार झालं असतं.”

आम्ही दोघी हसलो. ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, “आजी त्या सज्जात एकदा तरी बसायला हवी होती, ओराली. एकदा तरी.” तेव्हा भिंत तिच्या हनुवटीपर्यंत आली होती. मी लोंदा उचलला, तिनं उचलला, आणि तिचा चेहरा झाकला गेला.

आता ती समोरून येईल म्हणून मी थांबले. ती आली नाही. पातेलं ठेवून, हात धुऊन घरी गेली म्हणे. माझा जीव थोडा खट्टू झाला. पण सगळ्या भिंती भरल्या आहेत, आणि कालपर्यंत मला एकीचीही आशा नव्हती. लोभीपणा करू नये.


२१ ऑक्टोबर

पातेलं परत द्यायला लिओंतीनकडे गेले. घरी नव्हती म्हणून मागच्या अंगणात ठेवायला वळले. तिथे चर खणलेला. पाण्यात शेवाळाचा ढीग अर्धा कुजलेला, शेजारी उलथायचा चार दात्यांचा काटा, आणि कुंपणावर पार टोकापर्यंत काळे धागे वाळत घातलेले. वास तोच, चर्चमधला.

मी पातेलं ठेवलं आणि पायरीवर बसून राहिले. मग अल्सीदच्या केकची आठवण झाली आणि एकटीच मोठमोठ्यानं हसले.

तिला काही विचारणार नाही. आंघोळीच्या मदतीबद्दल माफी मात्र कधीतरी मागावी लागेल.


१ नोव्हेंबर

सकाळी सगळे कबरस्तानात. थडगी धुतली, चुना दिला, पिवळी शेवंती ठेवली. रेफर्डला मी चुना दिला, झेनोबीला लिओंतीननं. ती कितीतरी वेळ त्याच जागी ब्रश फिरवत होती, थडगं पांढरंशुभ्र झालं तरी.

मग मंडळाची बैठक, आमच्या स्वतःच्या भिंतींत. माती वाळतेय, थोड्या भेगा आहेत, पण धरून आहे. मंडळ बंद करायचा ठराव अल्सीदनं वाचायला घेतला, चष्मा सापडेना, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “फाडून टाक!” त्यानं फाडला. चार नवे सभासद झाले, त्यांतली एक तर तिशीतली.

लिओंतीन बैठकीला नव्हती. गंबोचा मसाला सकाळी मागच्या स्वयंपाकघरात देऊन गेली होती, एवढंच.

जेवणाची पानं मांडायला मी समोरच्या सज्जात आले तर ती खाली उभी. डोक्यावर चर्चची जांभळी हॅट, हातमोजे, बुटांना अजून ओला चुना. जिन्याकडे बघत होती. मी हात पुढे करणार होते, पण केला नाही. ती एक एक पायरी चढली, कठडा न धरता. प्रत्येक पायरीवर बुटाचा पांढरा ठसा उमटला. वर येऊन तिनं मधली खुर्ची ओढली, जिथून सगळी गल्ली दिसते, आणि बसली. हॅट काढून मांडीवर घेतली. डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

“लिओंतीन,” मी म्हटलं, “गंबो तू वाढणार ना?”

“आज मी पाहुणी आहे. तू वाढ.”

मी मागच्या स्वयंपाकघरात गेले, थाळी भरली, सवयीनं मागच्या जिन्याकडे वळले. वरून तिचा आवाज आला.

“ओराली! तिकडून नाही. समोरच्या जिन्यानं आण.”

मी घराला वळसा घालून समोरच्या जिन्यानं नेली.